तापाचा कितवा दिवस?

कोविडच्या साथीत पीसीआरचा रिपोर्ट यायला दोन-दोन, तीन-तीन दिवस लागायचे आणि वॉर्डातल्या खाटा त्याआधीच भरून जायच्या, त्या काळातली ही गोष्ट. मेडिसिनच्या विभागप्रमुखांनी आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांना बोलावून सरळच विचारलं, "प्रत्येक पेशंटचा सीबीसी होतो, सीआरपी होतो, लिव्हर-किडनीच्या टेस्ट होतात. तास-दोन तासांत रिपोर्ट हातात येतात. तेवढ्यावरून मला दोन गोष्टी सांगा. हा ताप विषाणूचा आहे का, आणि यातलं कोण बिघडणार." सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, सीआरपी म्हणजे शरीरात दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन. पहिल्या प्रश्नाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंफार होतं, दुसऱ्याबद्दल जवळपास काहीच नव्हतं. काम माझ्या गळ्यात पडलं. सोबत मेडिसिनचा एक रेसिडेंट आणि सांख्यिकीच्या एक मॅडम. आता कुठेही या विषयावर बोलायला गेले की तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय.

सुरुवात सोप्या प्रश्नापासून केली. विषाणूच्या तापात पांढऱ्या पेशी साधारणपणे वाढत नाहीत. नॉर्मल राहतात किंवा कमी होतात. जिवाणूंच्या संसर्गात त्या वाढतात, त्यांतला न्यूट्रोफिल हा प्रकार जास्त दिसतो, सीआरपी चढतं. पुस्तकात एवढंच असतं आणि परीक्षेत एवढंच लिहून मार्क मिळतात. प्रत्यक्षात टेबलावर रिपोर्टांचा ढीग पडला की हे चित्र लगेच विस्कटतं. अ‍ॅडिनोव्हायरसच्या तापात सीआरपी इतकं वाढू शकतं की कुणीही अँटिबायोटिक सुरू करेल. उलट जिवाणूच्या संसर्गात पहिल्या काही तासांत रक्त घेतलं तर सीआरपी अजून वाढलेलंच नसतं. हे प्रथिन १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं, आणि तेव्हापासून त्याचा स्वभाव एकच: काहीतरी पेटलंय एवढं ते सांगतं, कुणी पेटवलं ते सांगत नाही.

खरी मजा स्लाइडवर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघताना असते. लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार. विषाणूशी लढायला उठलेल्या लिम्फोसाइटना आम्ही रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फोसाइट म्हणतो. १९२३ मध्ये हॅल डाउनी यांनी त्यांचं बारकाईनं वर्णन केलं, म्हणून जुने लोक अजून डाउनी पेशी म्हणतात. नेहमीची लिम्फोसाइट लहान, गोल, जवळजवळ सगळीच केंद्रकानं व्यापलेली. ही मात्र पसरट, मोठी असते. तिची कड शेजारच्या लाल पेशींना बिलगून त्यांच्या गोलाईप्रमाणे आत वळते, आणि नेमकी त्या कडेलाच निळा रंग गडद होतो. एकदा ओळखायला शिकलं की चुकत नाही. संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिस या विषाणूच्या तापात निम्म्याहून अधिक लिम्फोसाइट आणि त्यातही दहा टक्क्यांच्या वर अशा पेशी असल्या, तर घसा आणि मानेतल्या गाठी बघून निदान बरंचसं पक्कं होतं. डेंग्यूतही त्या दिसतात.

नुसत्या सीबीसी आणि स्लाइडवरून विषाणू ओळखण्याचं माझ्या माहितीतलं सर्वांत देखणं उदाहरण हंताव्हायरसचं आहे. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात धडधाकट तरुण माणसं श्वास अडकून दगावू लागली. पुढे न्यू मेक्सिकोतल्या पॅथॉलॉजिस्टांनी पाच खुणा बसवल्या: प्लेटलेट कमी, रक्त दाटलेलं, अपरिपक्व न्यूट्रोफिल रक्तात उतरलेल्या, त्या न्यूट्रोफिलमध्ये जिवाणूसंसर्गात दिसणारे विषारी कण मात्र नाहीत, आणि दहा टक्क्यांहून जास्त लिम्फोसाइट इम्युनोब्लास्टसारख्या, म्हणजे लढायला उठून मोठ्या झालेल्या. पाचपैकी चार सापडल्या की अँटिबॉडीच्या रिपोर्टची वाट न बघता पेशंट आयसीयूत हलवायचा. यंत्र यातल्या दोनच खुणा मोजतं. बाकीच्या तीन सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या माणसानंच बघायच्या.

आमच्या बाबतीत असं सुबक काही निघालं नाही. कोविडमध्ये एकूण पांढऱ्या पेशी नॉर्मल आणि लिम्फोसाइट कमी, हे वूहानच्या पहिल्याच ४१ रुग्णांच्या अहवालात आलं होतं. त्यातल्या २६ जणांच्या लिम्फोसाइट हजाराच्या खाली होत्या. पण फ्लूमध्येही त्या कमी होतात, आणि भयंकर ताणाखाली असलेल्या कुठल्याही आजारी माणसाच्या होतात. त्यामुळे विभागप्रमुखांना आम्ही पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं दिलं: साथ चालू असताना असा रिपोर्ट आला तर संशय बळावतो, साथ नसताना त्याच रिपोर्टला फारशी किंमत नाही. कागद तोच, आकडे तेच, पण बाहेर किती लोक आजारी आहेत यावर त्याचा अर्थ बदलतो. ते म्हणाले, "म्हणजे नाही असंच ना?" मी म्हटलं, "सर, वेगळी खाट देण्यापुरतं हो. निदान लिहिण्यापुरतं नाही."

मग दुसरा प्रश्न.

लॅबच्या कॉम्प्युटरमधून आकडे काढायला बसलो आणि पहिल्याच दिवशी सांख्यिकीच्या मॅडमनी विचारलं, "यातला शून्य दिवस कुठला?" रेसिडेंट म्हणाला, भरती झाली तो. मॅडम म्हणाल्या, "एक जण दुसऱ्या दिवशी येतो, एक नवव्या दिवशी. दोघांचं रक्त तुम्ही एका रांगेत मांडणार?" तिथून पुढचं सगळं काम या एका मुद्द्यावर बेतलं गेलं. विषाणूच्या आजाराला स्वतःचं वेळापत्रक असतं. कोविडमध्ये बिघडायचं तर बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. डेंग्यूमध्ये तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, तेही ताप उतरताना. सीआरपी ६० हा आकडा तिसऱ्या दिवशी एक बोलतो आणि दहाव्या दिवशी वेगळंच. लॅबकडे येणाऱ्या फॉर्मवर मात्र नाव, वय, लिंग, वॉर्ड एवढंच. आजाराचा दिवस कुठेच नाही.

म्हणून फॉर्मवर एक चौकट वाढवली: तापाचा कितवा दिवस. ऐकायला किरकोळ वाटतं, भरून घ्यायला महाकठीण. लोकांना तारीख आठवत नाही. "परवापासून आहे, पण अंग त्याच्या आधीच मोडून आलं होतं." "ताप आला, गेला, परत आला, कुठला धरू?" शेवटी नियम केला की अंगदुखी, कणकण, ताप यातलं जे पहिलं जाणवलं तो पहिला दिवस. घरातलं दुसरं कुणी असलं तर त्यालाही विचारायचं, कारण आजारी माणसापेक्षा सोबत आलेल्याला तारखा जास्त नीट आठवतात. रेसिडेंटनं जुन्या केसपेपरांवरून शक्य तितके दिवस शोधून भरले. ज्यांचे सापडले नाहीत ते पेशंट अभ्यासातून काढून टाकले. त्याला फार वाईट वाटलं, कारण आकडा खूप घटला.

त्यानंतर आली झाडलोट, आणि हेच काम सर्वांत जास्त वेळ खाणारं होतं. एलडीएच घ्या, म्हणजे पेशींना इजा झाली की रक्तात उतरणारं एन्झाइम. आजाराची तीव्रता सांगणाऱ्या टेस्टमध्ये त्याचं नाव कायम वर असतं. पण लाल पेशींच्या आत एलडीएच रक्तद्रवापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. सुई नीट लागली नाही, रक्त जोरात ओढलं, नळी धसमुसळेपणानं हलवली, की लाल पेशी फुटतात आणि आकडा आपोआप फुगतो. गंभीर पेशंटची शीर सापडणं अवघड, त्यामुळे सॅम्पल फुटण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त. म्हणजे एलडीएच आजारामुळे वाढलं की टोचाटोचीमुळे, हे नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही. यंत्र सॅम्पलच्या लालसरपणाची नोंद करून ठेवतं. ती नोंद काढून असे सगळे निकाल आम्ही बाजूला केले.

डी-डायमरची, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारे तुकडे मोजणाऱ्या टेस्टची गोष्ट तर त्याहून नामी. त्याची दोन एककं चालतात, एक एफईयू आणि दुसरं डीडीयू. त्याच रक्ताचा एफईयूमधला आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो. वूहानच्या १९१ रुग्णांच्या अभ्यासात डी-डायमर एकाच्या वर असणाऱ्यांना मृत्यूचा धोका खूप जास्त दिसला होता आणि 'एकाच्या वर' हे वाक्य सगळ्या वॉर्डांत पाठ झालं होतं. बाहेरच्या लॅबमधून आलेल्या रिपोर्टांवर कधी एक एकक, कधी दुसरं, कधी नुसता आकडा. अर्धा आणि एक यांतला फरक पेशंटच्या रक्तात होता की छापलेल्या कागदात, हे शोधत आम्ही बसायचो. शेवटी आमच्याच यंत्रावरचे निकाल तेवढे ठेवले.

प्लेटलेटच्या बाबतीत आमचे सिनियर टेक्निशियन कामी आले. यंत्र पेशी मोजतं ते अजूनही मुळात वॉलेस कूल्टर यांनी १९५३ मध्ये पेटंट घेतलेल्या युक्तीनं: बारीक छिद्रातून पेशी गेली की विजेचा प्रवाह क्षणभर अडतो, जेवढा मोठा अडथळा तेवढी मोठी पेशी. लहान अडथळा म्हणजे प्लेटलेट. आता काही माणसांच्या रक्तात जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. हजारात एखाद्याचं असं होतं. दहा-पंधरा प्लेटलेटचा गठ्ठा छिद्रातून गेला की यंत्राला ती प्लेटलेट वाटतच नाही. एके दुपारी टेक्निशियन कागद घेऊन आले, "मॅडम, २२ हजार आलाय. मला पटत नाही. पेशंट चालत आलाय, अंगावर एक ठिपका नाही." स्लाइड बघितली तर शेवटच्या पातळ टोकाला प्लेटलेटचे पुंजकेच पुंजके. निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत परत रक्त घेतलं, त्यातला द्रव धरून आकड्याला १.१ नं गुणलं, काउंट निघाला दीड लाखाच्या वर. हे कागदावर तसंच गेलं असतं तर तो पेशंट आमच्या तक्त्यात अतिगंभीर म्हणून बसला असता, आणि वॉर्डात कुणीतरी प्लेटलेटच्या पिशव्या मागवल्या असत्या. त्यानंतर एक लाखाच्या खालच्या प्रत्येक नव्या काउंटची स्लाइड बघायची असं ठरलं. आजही चालू आहे.

स्टिरॉइडचाही घोळ होता. डोस गेला की काही तासांत न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. या दोहोंचं गुणोत्तर म्हणजे एनएलआर. २००१ मध्ये झाहोरेक यांनी गंभीर रुग्णांमधला ताण मोजायला ते सुचवलं आणि कोविडमध्ये त्याला भलताच भाव आला. त्यासाठी वेगळा खर्च नाही, सीबीसीतले दोन आकडे भागायचे, झालं. पण स्टिरॉइड सुरू झाल्यानंतरचा एनएलआर आजाराबद्दल कमी आणि औषधाबद्दल जास्त सांगतो. म्हणून उपचार सुरू व्हायच्या आधीचंच रक्त धरायचं ठरलं.

इतकं सगळं गाळून झाल्यावर मला वाटलं, आता सुरू करू. मॅडमनी अजून एक अट घातली, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगातली ती सर्वांत शहाणी अट होती. ज्या टेस्ट येणाऱ्या प्रत्येकाच्या झाल्या, तेवढ्याच घ्यायच्या. फेरिटिन, डी-डायमर, आयएल-६ अशा निवडक पेशंटच्याच मागवल्या जाणाऱ्या टेस्ट बाद. मी वाद घातला, कारण वॉर्डातल्या डॉक्टरांचा जीव त्यांच्यातच होता. मॅडमनी मला २०१८ चा बोस्टनमधला एक अभ्यास दाखवला. दोन रुग्णालयांच्या नोंदींमधल्या २७२ टेस्ट तपासल्या होत्या. त्यातल्या २३३ टेस्टच्या बाबतीत, निकाल काय आला हे न बघता, टेस्ट मागवली गेली एवढ्याच गोष्टीचा पेशंट वाचण्या-न वाचण्याशी संबंध निघाला. बऱ्याच टेस्टमध्ये तर ती कुठल्या वेळी मागवली यावरून निकालापेक्षाही चांगला अंदाज बांधता आला. मध्यरात्री तीन वाजता कुणी रक्त पाठवतं ते उगाच नाही. डॉक्टरला पेशंट बरा वाटत नाहीये. मॅडम म्हणाल्या, "तुमचं फेरिटिन काय सांगतंय माहितीये? डॉक्टरच्या पोटात गोळा आलाय, एवढंच. ते कळायला फेरिटिन कशाला हवं?"

त्याच सुमारास वूहानचं एक मॉडेल फार गाजत होतं. ४८५ रुग्ण, तीनच टेस्ट (एलडीएच, लिम्फोसाइट, सीआरपी) आणि दहा दिवस आधीपासून नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेनं मृत्यूचा अंदाज, असा दावा. आमच्या रेसिडेंटनं ते छापून भिंतीला लावलं होतं. नंतर नेदरलँड्स, फ्रान्स आणि न्यूयॉर्कमधल्या लोकांनी तेच आपापल्या रुग्णांवर लावून बघितलं तर तसं जमलं नाही. एक कारण आम्हाला तोवर चांगलंच ओळखीचं झालं होतं. मॉडेल शिकवताना प्रत्येक रुग्णाचं शेवटचं सॅम्पल वापरलं होतं. दगावलेल्या माणसाचं शेवटचं रक्त आणि घरी निघालेल्या माणसाचं शेवटचं रक्त यांत फरक दिसणारच. तो दिसायला मॉडेलची गरज नाही. दारात आलेल्या माणसाच्या पहिल्या रक्तात तो दिसतो का, हा प्रश्न होता.

पहिल्या रक्तात दिसलं ते थोडकं होतं. एनएलआर, युरिया, सीआरपी, आणि जरा मागे प्लेटलेट. त्यांच्या जोडीला वय आणि बोटाला लावून मोजलेला ऑक्सिजन. खरं सांगायचं तर वय आणि ऑक्सिजन या दोघांनीच बरंचसं काम केलं. रक्तानं त्यात भर घातली, पण मला हवी होती तेवढी नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमधून फोर-सी नावाचा गुणतक्ता आला. ३५ हजारांहून जास्त रुग्णांवर बेतलेला, शून्य ते २१ गुण. त्यात आठ गोष्टी: वय, लिंग, इतर आजार किती, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, शुद्ध, युरिया आणि सीआरपी. रक्ताच्या फक्त दोन, आणि दोन्ही अगदी साध्या. लिम्फोसाइट नाहीत, डी-डायमर नाही. १५ किंवा जास्त गुण असलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के दगावले होते, तिनापर्यंत गुण असलेल्यांपैकी एक टक्क्याच्या आसपास. पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझा अहंकार जरा दुखावला. पण युरियाचं असं वर येणं मला आवडलं. ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही असा आकडा, आणि त्यात शरीरातलं पाणी, मूत्रपिंड, वय, सगळं मिळून येतं.

या आकड्यांवरून पेशंटचा धोका ठरवणारं आमचं कार्ड तयार झालं आणि पुढच्या लाटेतल्या रुग्णांवर लावलं. निकाल घसरला, पण घसरला कसा हे बघण्यासारखं होतं. कोण जास्त धोक्यात आणि कोण कमी, हा क्रम बऱ्यापैकी टिकला. धोक्याचा आकडा मात्र टिकला नाही. कार्ड ज्यांना अतिधोक्याचं ठरवत होतं त्यातले बरेच जण बरे होऊन घरी जात होते. कारण मधल्या काळात उपचार बदलले होते. १६ जून २०२० ला ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या औषधचाचणीचा निकाल जाहीर झाला: डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्यांमधले एक पंचमांशानं कमी झाले. जुन्या उपचारांच्या काळात शिकलेलं कार्ड नव्या काळातल्या पेशंटला जुनाच धोका सांगत होतं. तेव्हापासून कार्डावर टक्केवारी छापायची नाही असं ठरलं. फक्त तीन गट: घरी पाठवून लक्ष ठेवता येईल, भरती करून बारा तासांनी परत रक्त, आणि आत्ताच सिनियरला फोन.

वॉर्डात त्यातला पहिला गट सर्वांत जास्त वापरला गेला. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं की अशा कार्डाचा उपयोग गंभीर पेशंट ओळखायला होतो. गंभीर पेशंट दारातून आत आला की नर्सलाच कळतो, त्याला कार्ड लागत नाही. अडचण होती ती ठीकठाक दिसणाऱ्या माणसांची, ज्यांना खाट द्यायची की नाही ते कळत नव्हतं. एनएलआर कमी, युरिया नॉर्मल, सीआरपी साधारण, ऑक्सिजन चांगला, आणि तापाचा आठवा दिवस. असा माणूस निर्धास्तपणे घरी पाठवता येत होता. हेच सगळे आकडे तिसऱ्या दिवशीचे असतील तर घरी पाठवायचं, पण फोन चालू ठेवायचा.

दुसरी शिकवण उताराची. सीआरपीचं रक्तातलं अर्धायुष्य सुमारे १९ तास. म्हणजे आग विझायला लागली असेल तर पुढच्या दिवशीचा आकडा ठळकपणे खाली यायला हवा. १२० वरून ११० हा उतार नव्हे. म्हणून भरती झालेल्यांच्या बाबतीत पहिल्या रिपोर्टापेक्षा पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक आम्हाला जास्त सांगून जायचा. रिपोर्टचा नमुना बदलून घेतला: आजचा आकडा, शेजारी कालचा, परवाचा, आणि वर तापाचा दिवस. कॉम्प्युटरवाल्यांनी बरेच आढेवेढे घेतले, पण हा एक बदल कार्डापेक्षाही जास्त वापरात राहिला.

मग साथ ओसरली आणि डेंग्यूचा हंगाम आला. कार्ड तिथे साफ निरुपयोगी. डेंग्यूमध्ये सीआरपी बऱ्याचदा फार वाढत नाही, न्यूट्रोफिल स्वतःच कमी झालेल्या असतात, मग एनएलआर कशाचा काढणार? इथे बघायचं ते हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती. डेंग्यूमध्ये माणूस दगावतो तो बहुतेकदा प्लेटलेट कमी झाल्या म्हणून नव्हे, तर केशवाहिन्यांमधून रक्तातला द्रव बाहेर झिरपतो म्हणून. द्रव गेला की मागे उरलेलं रक्त दाट होतं, हिमॅटोक्रिट चढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणात धोक्याच्या लक्षणांच्या यादीत रक्ताची एकच खूण आहे, आणि ती जोडीनं आहे: हिमॅटोक्रिट वर जात असताना प्लेटलेट झपाट्यानं खाली येणं.

एका तरुण मुलाचे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत. तिसरा दिवस: पांढऱ्या पेशी ३,१००, प्लेटलेट १,४२,०००, हिमॅटोक्रिट ३८. चौथा: २,४००, ९६,०००, ४१. पाचवा: २,६००, ५८,०००, ४६. त्या पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला होता. वडील खूश. "डॉक्टर, आज पहिल्यांदा अंग गार लागतंय. प्लेटलेट तेवढ्या चढवा, मग घरी नेतो." रेसिडेंटनं त्यांना कागद दाखवला. ३८ वरून ४६ म्हणजे दोन दिवसांत वीस टक्क्यांहून जास्त वाढ. हात लावला तर तळवे थंड, नाडी जलद, पोट दुखत होतं. त्याला सलाइनची गरज होती, तीही मोजून-मापून, कारण जास्त गेली की तीच छातीत आणि पोटात साठते. पुढचे दोन दिवस दर चार-सहा तासांनी हिमॅटोक्रिट बघत सलाइनचा वेग कमी-जास्त करत काढले. प्लेटलेट ३० हजारांपर्यंत उतरल्या आणि आपापल्या वर आल्या. एकही पिशवी लागली नाही.

प्लेटलेटबद्दल नातेवाइकांना समजावणं हे या सगळ्यातलं सर्वांत दमवणारं काम. २०१७ मध्ये सिंगापूर आणि मलेशियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. प्लेटलेट २० हजार किंवा कमी, पण रक्तस्राव नाही, अशा प्रौढ डेंग्यू रुग्णांपैकी काहींना प्लेटलेट दिल्या, काहींना दिल्या नाहीत. रक्तस्राव टाळण्यात फरक पडला नाही. उलट दिलेल्यांमध्ये त्रास जास्त झाले. हे मी किती जणांना सांगितलं असेल. ऐकून घेतात, मान हलवतात, आणि जाताना विचारतात, "पण आज किती आहेत?"

हिमॅटोक्रिटमध्येही खाचाखोचा आहेत. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं की तो खोटाच उतरतो. खरा उतरला तर दोन अर्थ: द्रव परत रक्तात येतोय, म्हणजे पेशंट सुधारतोय, किंवा आत कुठेतरी रक्तस्राव होतोय. कागद दोन्हीकडे सारखाच. नाडी आणि लघवीचं प्रमाण बघितल्याशिवाय लॅबला यातलं काही सांगता येत नाही, आणि सांगूही नये. असा उतार दिसला की आता टेक्निशियन वॉर्डात फोन करून नाडी विचारतात. सुरुवातीला नर्स चिडायच्या, "तुम्हाला कशाला हवी नाडी?" आता फोन उचलल्यावर त्या स्वतःच आधी सांगतात.

मधल्या काळात बरीच नवी खेळणी बघायला मिळाली. पेशी मोजणाऱ्या काही यंत्रांत मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या आकारातला फरक छापून येतो आणि त्यावरून सेप्सिसचा, म्हणजे संसर्गानं अवयव निकामी होऊ लागण्याचा इशारा देतात. विषाणूच्या संसर्गात वाढणारं ट्रेल नावाचं प्रथिन, आयपी-१० आणि सीआरपी एकत्र करून जिवाणू की विषाणू ते सांगणारी टेस्टही निघाली आहे. पहिल्या प्रश्नासाठी ती मला आमच्या कार्डापेक्षा नक्कीच आश्वासक वाटते. अ‍ॅप आणि मॉडेल तर शेकडो आली. कोविडच्या मॉडेलांचा सतत आढावा घेणाऱ्या संशोधकांना त्यातल्या जवळजवळ सगळ्यांमध्ये पूर्वग्रहाचा मोठा धोका आढळला, आणि जे मोजके आशादायक ठरले त्यांत तो आठ गोष्टींचा फोर-सी होता. विक्रेते येतात तेव्हा मी एकच विचारते: तुमच्या मॉडेलनं शिकताना आजाराचा कितवा दिवस धरला होता? बहुतेकांना प्रश्नच कळत नाही.

सध्या आमच्याकडे दोन कार्डं आहेत, एक श्वसनाच्या विषाणूंसाठी आणि एक डेंग्यूसाठी. डेंग्यूच्या कार्डात लिव्हरची एएसटी ही एन्झाइमची टेस्ट घालायची का, यावर रेसिडेंटचं आणि माझं अजून एकमत नाही. एएसटी हजाराच्या वर गेली की आजार गंभीर हे ठरलेलंच आहे, पण त्याआधीच्या आकड्यांवर मला फार भरवसा नाही, कारण ती स्नायूंमधूनही येते. लहान मुलांसाठी मात्र दोन्हींतलं एकही वापरायचं नाही, असं कार्डावर ठळक छापलं आहे. चार-पाच वर्षांपर्यंत निरोगी मुलांमध्येही न्यूट्रोफिलपेक्षा लिम्फोसाइट जास्त असतात, त्यामुळे मोठ्यांसाठी ठरवलेल्या सीमारेषा तिथे काहीच कामाच्या नाहीत. बालरोग विभागाला आम्ही त्यांच्या फॉर्मवर तापाच्या दिवसाची चौकट घालून दिली आहे. पुरेशा नोंदी जमल्या की ते काम सुरू करू.